शर्टावरचं तिसरं माणूस

मी एक टेबल बोलतोय. आठ फुटी, बर्मा सागवानाचा, चार पायांचा. मंजुळेला मी नको होतो, तिथूनच माझी गोष्ट सुरू करतो.

ती स्कॉटलंडहून शिकून परतली तेव्हा तिच्या डोक्यात एक खोली तयार होती. भिंती पांढऱ्याशुभ्र, जमिनीला सांधा नाही, ओटे काचेसारखे गुळगुळीत, आत शिरायला एक दार आणि बाहेर पडायला दुसरं. गुन्ह्याच्या जागेवरून आलेल्या वस्तूंवरचा डीएनए कसा काढायचा, कसा वाचायचा आणि न्यायालयात कसा मांडायचा, हे त्या खोलीत ती मुलांना शिकवणार होती. मुलांच्या डोळ्यांत न्यायाची आग असणार होती.

तिला मिळालं ते असं. परळच्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. एक मोठा हॉल आणि त्याच्या कोपऱ्यात प्लायवूडने अडवलेल्या दोन खोल्या, यंत्रांसाठी. खिडकीत बंद गिरणीचं धुराडं आणि त्याच्या बाजूला उभी राहिलेली क्रेन. दुपारनंतर नळाला पाणी नाही. हॉलच्या मधोमध मी, आणि माझ्याभोवती सहा मुलं. त्यांच्यातल्या एकाने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, हे केल्यावर सरकारी लॅबमध्ये नोकरी लागते ना?"

मंजुळेने माझ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि संचालक दौलतरावांना म्हणाली, "हे लाकूड आहे, सर."

"मग? टेबल लाकडाचंच असतं."

"लाकडाला बारीक भोकं असतात. त्यात घाम मुरतो, थुंकी मुरते, रक्त मुरतं. पुसून निघत नाही. इथे स्टीलचं पाहिजे."

"येईल, येईल. पुढच्या वर्षी घालू बजेटात. तोवर ह्याच्यावर कागद अंथरा."

असा मी राहिलो, कागदाखाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्यात काय काय मुरलंय ते माझं मला ठाऊक. मला महादेव सुताराने एका गिरणीच्या सुतारखात्यात घडवलं. महादेव मालवणकडचा. रंधा मारता मारता तो गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा, त्यामुळे माझ्या अंगावर पहिल्यांदा पडले ते शब्द 'सगळ्यांचा बरा कर' असे होते. मला फोल्डिंग खात्यात खिडकीखाली लावलं. मागावरून उतरलेलं कापड माझ्यावरून सरकत जायचं आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले कामगार त्यातले दोष हुडकायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण. सापडलं की खडूची खूण. घरी गेल्यावर स्वतःच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण न दिसणारी माणसं ती, पण कापडातला केसाएवढा दोष त्यांना दिव्याखाली लख्ख दिसायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमचं खातं धुतलं जायचं. ज्या हत्याराने पोट भरतं त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकायचं, हा गिरणगावचा रिवाज. मागांना झेंडूच्या माळा, मला हळदकुंकू. मग सगळे मिळून अशी दणदणीत आरती म्हणायचे की शेजारच्या खात्यातली माणसं ईर्षेने दुसरी सुरू करायची.

ब्याऐंशी सालच्या जानेवारीत संप झाला. भोंगा थांबला. आधी वाटलं, होळीपर्यंत मिटेल. मग वाटलं, गणपतीला गावी जाऊन आले की सगळे येतील. कोणी आलं नाही. माझ्यावर धूळ बसली, धुळीवर कबुतरांची पिसं. बऱ्याच वर्षांनी एका भंगारवाल्याने मला उचललं आणि करी रोडच्या सखुबाईने आपल्या खानावळीसाठी घेतलं. तिथे माझ्यावर भाकऱ्या थापल्या गेल्या, बांगडे कापले गेले. उरलेसुरले कामगार माझ्यावर कोपर टेकून एकमेकांना विचारायचे, "तुझी सुरू होणार म्हणे?" हळूहळू विचारणारेही गावी निघून गेले. खानावळ मिटली आणि मी ह्या संस्थेत येऊन पोचलो.

इथला शिपाई बुधाजी एके काळी गिरणीत मागांना तेल घालणारा तेलवाला होता. मला जिन्यावरून वर चढवतानाच त्याने माझ्या कडेवर थाप मारली. "फोल्डिंगचो टेबल ह्यो!" म्हणाला. जुन्या गाववाल्याने हाक मारावी तसं वाटलं मला.

मंजुळेला मात्र माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला घाई होती. ती घाई कसली, ते मुलांना एका दुपारी कळलं. पाणी गेलं होतं, काम अडलं होतं. हेरंब नावाचा गिरगावचा मुलगा, कपाळावरचा केससुद्धा जागचा न हलणारा, त्याने सहज विचारलं, "मॅडम, तिकडेच राहिला असतात की. इथे पाण्यासाठी बादल्या भरत बसलोय आपण."

"माझे बाबा इथे करी रोडला राहायचे," ती म्हणाली. "संपात एक कामगार लपूनछपून कामावर जात होता, त्याला कुणीतरी मारलं. पोलीस आले आणि आमच्या दोरीवरून बाबांचा शर्ट काढून घेऊन गेले. त्यावर रक्त होतं. बाबांचंच. हाताला पत्रा लागला होता. पण तेव्हा फक्त रक्तगट कळायचा. मार खाल्लेल्याचा आणि बाबांचा गट एकच निघाला."

"मग?"

"मग वर्षभर आत. शेवटी पुरावा कमी पडला म्हणून सोडलं. पण आमच्या चाळीत लोक म्हणतच राहिले, 'गट जुळला होता म्हणे.' नोकरी तर गेलीच, बाबा जिन्यावरून उतरायचेही बंद झाले. मला आईने मामाकडे नागपूरला पाठवून दिलं."

सहा जणांत मुलगी एकटी शांता, लालबागची. ती हळूच म्हणाली, "तेव्हा हे डीएनएचं असतं तर?"

"तर चार दिवसांत घरी आले असते. आणि ते एखाद्या गलथान माणसाच्या हातात असतं तर जन्मभर आत राहिले असते. दोन्ही लक्षात ठेवा."

तिच्या बाबांचे, धोंडू घाडीचे, हात माझ्यावर कधी पडले होते का, ते मला माहीत नाही. तो कुठल्या गिरणीत होता ते तिने सांगितलं नाही, आणि गिरण्या काय एकदोन होत्या? पण त्या दुपारपासून मुलं तिच्या डोळ्याला डोळा भिडवून ऐकायला लागली.

ती कडक होती. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातात दोन दोन मोजे. पहिल्याच महिन्यात तिने सहाही जणांना गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायला लावून स्वतःचाच डीएनए तपासायला शिकवलं. कागदावर उंचसखल टोकांची रांग उमटायची, दर माणसाची निराळी. शिवाय प्रत्येक तपासणीबरोबर एक कोरी नळी चालवायची. तिच्यात काहीच घालायचं नाही, तरी शेवटी तीही तपासायची. तिच्यात टोकं दिसली, म्हणजे तुमच्याच हातून घाण गेली.

आणि कोऱ्या नळीत टोकं दिसायची ती आनंदाच्या.

आनंदा वैती वरळी कोळीवाड्यातला. पहाटे भावाबरोबर होडीवर, मग आंघोळ करून धावत इथे. जाळ्याने बोटं नेहमी कापलेली, मोजे नेहमी फाटलेले. त्याची आई काशीबाई लालबागच्या बाजारात मासळी विकायची आणि पापलेट तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगायची की माझा पोर खुनी पकडायला शिकतोय.

"आन्द्या, आज काय निघालं कोऱ्या नळीत?" हेरंब चिडवायचा. "बोंबील का?"

"निघाला तर तळून आणतो तुला. तुमच्या गिरगावात काय, मेतकूटभातच असेल."

पण दुसऱ्यांदा त्याचाच डीएनए कोऱ्या नळीत निघाला तेव्हा कोणी हसलं नाही. मंजुळेने त्याला माझ्यासमोर उभं केलं. "अजून एकदा झालं तर ह्या वर्गात तुला जागा नाही, आनंदा. उद्या कोर्टात एखाद्याची मान तुझ्या नळीत असेल."

"हां मॅडम," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो कोपरापर्यंत साबण चोळून हात धुवायचा आणि दोनाऐवजी तीन मोजे घालायचा. पण माणसाचं नाव एकदा पडलं की पडलं.

वर्षअखेरीच्या परीक्षेसाठी मंजुळेने एक बनावट प्रकरण रचलं. खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातले दोन कारकून मदतीला आले. एकाने दिवसभर शर्ट घातला. दुसऱ्याला त्या शर्टावर थुंकायचं होतं. तो बिचारा दोनदा म्हणाला, "खरंच थुंकू ना मॅडम?" मुलं दारातून बघत होती आणि हसू दाबत होती. मग शर्टाचे सहा तुकडे झाले, प्रत्येकाला एक. ओला पुरावा पाकिटात घालायचा नसतो, तो कुजतो. म्हणून तुकडे माझ्या एका टोकाला, स्वच्छ कागदावर, उघडे वाळत ठेवले.

तो दिवस नेमका खंडेनवमीचा.

बुधाजी झेंडूची फुलं घेऊन दारात उभा राहिला. "मॅडमनू, आज हत्यारां पुजूक नकोत?"

"यंत्रांना नाही, बुधाजी. हळदकुंकू आत चालणार नाही."

"यंत्रांक नको तर नको. पण ह्येका तरी?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "गिरणीचो तो. संप झाल्यापासून कोणी फूल नाय घातलां ह्येका."

मंजुळेने माझ्याकडे पाहिलं. त्या लहानपणच्या करी रोडच्या, बाबा तुरुंगात जाण्याआधीच्या खंडेनवम्या तिला आठवल्या असाव्यात, कारण तिचा आवाज एकदम बदलला. "फक्त टेबलाची. आणि लवकर."

"हे तुकडे सरकवू का, मॅडम?" शांताने विचारलं.

"त्या टोकाला सरकव. लांब आहे टेबल, चालेल."

माझा कागद अर्धा गुंडाळला गेला. मंजुळेने स्वतः मला कुंकू लावलं. कापूर पेटला. मास्क लावून आरती कोण म्हणतं? सगळ्यांनी ते गळ्यात उतरवले. आठ माणसं, टाळ्या, आणि बुधाजीची झांज. परदेशात मंजुळेने इतक्या वर्षांत आरती म्हटली नव्हती. ती माझ्या त्या टोकाशीच उभी होती आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती, डोळे मिटून, मान वर करून. खरं सांगतो, मलाही ते हवं होतं. वीसेक वर्षांनी कुणी माझ्यासमोर गात होतं. वाळत घातलेल्या कापडाची मलाही आठवण राहिली नाही.

पंधरवड्याने मुलांनी तुकडे तपासले. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक येणार होते. त्यांनी निकाल मान्य केले तर वर्गाला मान्यता मिळणार होती. नाही मिळाली तर संस्था हा मजला एका कंपनीला भाड्याने देणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी सहा अहवाल माझ्यावर आले. पाच जणांनी लिहिलं होतं, शर्टावर दोन व्यक्ती, दोन्ही पुरुष. मंजुळेने पाचांवर सही केली. सहावा अहवाल आनंदाचा. शर्टावर तीन व्यक्ती.

"हे तिसरं माणूस कुठून आणलंस?"

"मी नाय आणलं, मॅडम. शर्टावर आहे."

"तूच असशील. दोनदा झालंय हे तुझ्याकडून. तुला सांगितलं होतं मी, आनंदा. तिसऱ्यांदा झालं तर बाहेर."

"माझी कोरी नळी बघा ना. साफ आहे."

तिने अहवाल मिटून बाजूला ठेवला. आनंदाचा चेहरा पडला. मग तो एकदम रागाने भडकला.

"मॅडम, मी कडेचा एक बारका तुकडा वेगळा कापून तपासला. डाग नाय अशा जागेचा."

"ते करायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाय. बघावंसं वाटलं. तिथे सगळ्यांत ठळक हेच तिसरं माणूस आहे. आणि ती बाई आहे." त्याने दम घेतला. "मी बाई आहे का, मॅडम?"

कुणीतरी फिसकन हसलं. हेरंबने तोंड भिंतीकडे वळवलं. मंजुळा हसली नाही. तिने मिटलेला अहवाल पुन्हा उघडला आणि आलेख माझ्यावर पसरला. मग कोऱ्या नळीचा आलेख घेतला. तो सपाट होता.

"माझ्याकडे काय बघता रे सगळे?" शांता म्हणाली. "काढा माझा नमुना. आहे ना इथेच."

शांताचा पहिल्या महिन्यातला आलेख काढला, शेजारी ठेवला. जुळला नाही.

"लॅबमध्ये आणखी एक बाई आहे," आनंदा म्हणाला.

"आन्द्या, गप बस," हेरंब पुटपुटला.

"गप का बसेल? बरोबर बोलतोय तो," मंजुळा म्हणाली. "माझा नमुना मी कधी घेतलाच नाही." तिने हात पुढे केला. "हेरंब, तुमचे पाच जणांचे मूळ आलेख आण. अहवाल नकोत, आलेख."

ते माझ्यावर ओळीने मांडले गेले. पाचही आलेखांत, मोठ्या टोकांच्या पायाशी, बारीक बारीक टोकं होती. सगळ्यांत एकाच जागी. पाचांनीही त्यांच्यावर पेन्सिलीने काट मारली होती.

"हे काय आहे?"

"कचरा समजून सोडलं, मॅडम," हेरंब म्हणाला. "बारीक होतं ना."

"कचरा आहे हे कशावरून ठरवलंस?"

"दोनच माणसं होती ना. बघितलं होतं आपण त्यांना."

मंजुळेने खुर्ची ओढली आणि ती माझ्याशेजारी बसली. "आणि मलाही दोनच माहीत होती, म्हणून मी सही केली," ती म्हणाली.

मग ती उठली, सगळ्यांसमोर गालाच्या आतून बोळा फिरवला आणि तो शांताच्या हातात दिला. "तू तपास. मी आत येणार नाही."

"मी फक्त बाजूला उभा राहतो," आनंदा म्हणाला. "हात खिशात. दोन मास्क लावतो हवं तर."

मुलं आत गेली तेवढ्यात दौलतराव आले. त्यांना बातमी लागली होती. वाईट माणूस नव्हता तो. हा वर्ग सुरू व्हावा म्हणून त्याने कुठे कुठे हात जोडले होते ते मी माझ्यावरच झालेल्या बैठकांत ऐकलं होतं.

"पाच पास, एक नापास," ते म्हणाले. "किती खरं वाटतं ते! सगळेच पास असते तर उलट संशय आला असता. त्या पोराला पुढच्या वर्षी परत बसवा."

"तिसरं माणूस मी असेन तर, सर? त्या दिवशी आरतीला मी तुकड्यांशेजारीच उभी होते."

"अजून निकाल आलाय का?"

"सकाळी येईल."

"मग बघताय कशाला तो?" दौलतराव खाली वाकून माझ्यावरच्या कागदाची दुमडलेली कड सरळ करत राहिले. "उद्या तुम्ही त्या परीक्षकांना सांगणार, की शिकवणाऱ्या बाईंचीच थुंकी पुराव्यावर उडाली? मजला जाईल, मॅडम. दुसरी सहा पोरं कधी शिकायचीच नाहीत. तुमच्या वडलांसारखा उद्या कुणी अडकला तर त्याच्यासाठी कोण उभं राहणार?"

मंजुळा बोट माझ्या एका जुन्या खाचेवरून पुन्हा पुन्हा फिरवत होती. "सकाळी बोलू," एवढंच म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

सकाळी सगळे ठरल्या वेळेच्या आधीच हजर होते. शांताने दोन आलेख आणून माझ्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि मागे सरकली. मंजुळेने वाकून पाहिलं. टोकामागून टोक. तिने शेवटपर्यंत पाहिलं, घाई केली नाही.

"आनंदा, वाच. मोठ्याने."

तो जागचा हलला नाही. रात्री घरी काय झालं होतं कोण जाणे, त्याचा कालचा राग कुठे उरला नव्हता. "जाऊ दे ना, मॅडम," तो म्हणाला. "मला एकट्याला नापास धरा. पुढच्या वर्षी बसतो मी. मजला तर राहील. आईला सांगतो, पेपर कठीण होता."

बाकीचे पाच जण खाली बघत होते. त्यांनी हे आधीच आपसांत बोलून ठेवलं असावं, असं मला वाटलं. माणसं चांगुलपणानेच किती लवकर खोटं बोलायला तयार होतात!

"तू कोर्टात उभा राहशील तेव्हा दर वेळी तुझ्या मागे कुणाचा ना कुणाचा मजला असेल," मंजुळा म्हणाली. "कुणाची नोकरी, कुणाची बढती, कुणाचं मंडळ. आणि समोर एकच माणूस असेल, ज्याने काही केलं नाही. मग तू काय वाचशील? वाच आता."

त्याने घसा खाकरला आणि वाचलं. जुळलं होतं. सगळ्या जागी.

"तुझ्या अहवालात तिसऱ्या माणसापुढे माझं नाव लिही. कसं आलं तेही लिही. आरती म्हटली, मास्क नव्हता, तुकडे उघडे होते. एक अक्षर गाळू नकोस." मग ती दाराकडे वळली. "बुधाजी, ह्या टेबलाला हात लावा. आधी ते बाहेर काढू."

बुधाजीचा चेहरा उतरला. "मॅडमनू, तेची काय चूक?"

"त्याची काही चूक नाही. ते लाकूड आहे, एवढंच. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि नंतर माया लागली म्हणून मी विसरले."

वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी फोल्डिंग खात्यातला आहे. सदोष माल बाजूला काढायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. सहा मुलं, बुधाजी आणि ती, अशा आठ जणांनी मला उचललं. दारातून निघताना मी अडकलो, तेव्हा हेरंबने पहिल्यांदाच बाह्या सरसावल्या.

आता मी बाहेर पॅसेजमध्ये असतो. मुलं आत जाण्याआधी माझ्यावर पिशव्या आणि जेवणाचे डबे ठेवतात. काशीबाईने पाठवलेल्या कोळंबीचा वास अधूनमधून येतो. खंडेनवमीची आरती माझ्यापाशी होते, आतलं दार घट्ट लावून, आणि हवं तेवढ्या मोठ्याने. तुम्हाला एवढीच विनवणी करतो: ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला जवळ ठेवा, त्याला फुलं वाहा, पण जिथे कुणाच्या जन्माचा निवाडा होतो त्या खोलीत त्याला नेऊ नका. आणि आपलं नाव कागदावर आलं तर काट मारू नका.

त्या सकाळी मला पॅसेजमध्ये टेकवलं तेव्हा दौलतराव जिना चढून वर आले, धापा टाकत. "परीक्षकांची गाडी निघालीय. काय ठरलं?"

"ते आले की आधी मला भेटवा, सर. हे त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे."

दौलतराव माझ्यावर हात टेकून बसल्यासारखे वाकले आणि म्हणाले, "चहा तरी सांगतो."

मंजुळा आत गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ह्या पाच अहवालांवरची माझी सही मी काढून घेतेय. परीक्षा नव्याने होईल. शर्ट नवा, माणसं नवी, आणि किती माणसं ते मलाही माहीत नसेल. परीक्षकांना विनंती करणार आहे की प्रकरण त्यांनीच रचावं. आनंदा पास झालाय, त्याला पुन्हा बसायची गरज नाही."

"म्हणजे आम्ही पाच जण," हेरंब म्हणाला.

"सहा. आनंदाच्या जागेवर मी बसणार आहे."